आधी मेकॅनिक, मग गाडी

गिरणारे मागे पडलं की द्राक्षांचे मांडव विरळ होत जातात आणि पुढे वाघेऱ्याचा घाट लागतो. नाशिकहून हरसूलला निघालेल्या गाडीचं इंजिन कसं आहे, क्लच किती उरलाय, ब्रेकवर किती विसंबायचं, हे विकणारा सांगत नाही, घाट सांगतो. माणसांनी गच्च भरलेली जीप दुसऱ्या गियरवर कण्हत चढते. पिकअपवाला वळणावर हॉर्न दाबून धरतो. आणि पावसाळ्यात एखादी जुनी छोटी कार बॉनेट उघडून वाफा सोडत कडेला उभी दिसतेच.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वापरलेलं’ असा विषय कळवला, तेव्हा जुन्या गाड्यांच्या चकचकीत दालनांत फिरण्यापेक्षा हरसूल गाठावं असं ठरवलं. शहरात गाडी रुसली तर रिक्षा मिळते. इथे रात्री एखाद्या पाड्यावर बाई अडली, तर दारात जी गाडी असेल तीच. त्यामुळे दीड-दोन लाखांत गाडी घेणारा इथला माणूस ‘भरवशाची’ हा शब्द फार जपून वापरतो.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं बाजाराचं गाव. कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीचे पाडे चहूबाजूंना पसरलेले. भात, नागली, वरईची शेती, आणि हंगामात गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जाणारी माणसं. आठवडे बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला लागलेल्या गाड्या बघत चाललं तरी इथला वाहनबाजार कळतो. सर्वांत जास्त दुचाक्या, मग पिकअप आणि प्रवासी जीप, आणि त्यांच्यामध्ये अल्टो, वॅगन-आर, इको. बहुतेकांच्या पाठीवर आधीच्या मालकाने लावलेलं देवाचं किंवा मुलाबाळांचं नाव अजून तसंच.

दोन लाख म्हणजे दीड लाख

गावातल्या एका गॅरेजसमोर एक बाप-लेक उभे होते. मुलगा नाशिकला कंपनीत कामाला, बाप शेती बघणारा. दोघांनी मिळून दोन लाख जमवले होते आणि मुलाच्या मोबाइलमध्ये बरोबर दोन लाखांच्या गाड्यांचे फोटो होते. मिस्तरींनी फोटो बघायच्या आधीच विचारलं, “घेतल्यावर टायर कशाने टाकणार?”

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. जवळ असलेले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालायचे आणि पहिल्याच महिन्यात उधारीवर दुरुस्ती सुरू करायची. मिस्तरींचा हिशेब सरळ आहे. दोन लाख असतील तर दीड लाखाची गाडी बघायची आणि उरलेले बाजूला ठेवायचे. आठ-दहा वर्षांची गाडी म्हटल्यावर टायर, बॅटरी, क्लचप्लेट, ब्रेकपॅड, खालचे बुश यांतलं काहीतरी निघणारच. त्यात नाव बदलण्याचा खर्च आणि विमा आहे. १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा नुसता तृतीय पक्ष विमा वर्षाला २०९४ रुपये आणि वर जीएसटी, असा २०२२ साली ठरलेला दर. १००० ते १५०० सीसीला तोच ३४१६. विक्रेता “माझा नो-क्लेम बोनस आहे, तुमचा विमा स्वस्तात होईल” म्हणाला, तर ऐकून सोडून द्यावं. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

मग किती जुनी घ्यावी? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो तक्ता वापरतात, त्यात पहिल्या सहा महिन्यांनंतर वर्षाच्या आत १५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के घसारा धरलेला असतो. म्हणजे पहिली पाच वर्षं मालकाने सोसली की अर्धी किंमत उडालेली असते. दुसऱ्या टोकाला सरकारी घड्याळ आहे. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५००० झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी १०,००० झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे ‘फक्त साठ हजारांत’ मिळणारी चौदा वर्षांची गाडी साठ हजारांत पडत नाही. आरसी बुकावर किंमत नसते, पण ‘नोंदणी वैध’ या शब्दांपुढची तारीख असते. ती आधी वाचायची.

छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने त्याच भावात उभं राहायचं काही कारण नाही. घासाघीस करताना हा मुद्दा हातात ठेवावा.

जिचा मिस्तरी जवळ, ती गाडी

“कोणती गाडी चांगली, हे मला विचारू नका,” मिस्तरी म्हणाले. “माझ्याकडे कोणत्या गाडीचा सामान आहे ते विचारा.” (या बाजूला ‘सामान’ म्हणजे सुटे भाग.) मागच्या फळीवर खोकी रचलेली होती. फिल्टर, ब्रेकशू, क्लच केबल, व्हील बेअरिंग. बहुतेक मारुतीची आणि महिंद्राची. यात कंपनीचं कौतुक काही नाही. या रस्त्यावर ज्या गाड्या जास्त, त्यांचाच माल ठेवायला दुकानदाराला परवडतं.

हाच निकष उलटा लावला की काही स्वस्त गाड्या का स्वस्त आहेत ते कळतं. शेव्हरोलेने भारतातली विक्री २०१७च्या अखेरीस थांबवली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं २०२१मध्ये जाहीर केलं, डॅटसन २०२२मध्ये गेली. यांतल्या काही गाड्या चालवायला फार छान आहेत आणि त्याच पैशांत वरच्या दर्जाची गाडी मिळते. नाशिकमध्ये राहणाऱ्याने विचार करावा. हरसूलच्या माणसाला एका सेन्सरसाठी आठ दिवस गाडी उभी ठेवावी लागली, तर वाचलेले तीस हजार मजुरी बुडण्यात जातात.

मारुती ८०० आजही पाड्यांवर दिसते आणि तिच्याबद्दल इथे माया आहे. पण शेवटची ८०० जानेवारी २०१४मध्ये बनली, म्हणजे बाजारातल्या बहुतेक ८००ची पंधरा वर्षं संपली किंवा संपत आली. तिच्या जागी अल्टो आणि वॅगन-आर आल्या. इथेही एक बारीक फरक आहे. ७९६ सीसीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो. तो वेळेवर बदलायचा, नाहीतर घाटात तुटला की गाडी जागच्या जागी थांबते. अल्टो के-१० आणि २०१० नंतरच्या १००० सीसी वॅगन-आरला त्या जागी साखळी आहे. विकणाऱ्याला विचारायचं, “बेल्ट कधी बदलला, बिल आहे का?” बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून पैसे कमी करायचे.

इको २०१० साली आली आणि भाजीची क्रेट, सात माणसं, लग्नातले पाहुणे, सगळं वाहते म्हणून इथे तिला मागणी. नेमकं त्यामुळेच जुनी इको जपून घ्यावी, कारण तिने ओझं उचललेलं असतं. मागच्या सीटांच्या खालची पत्र्याची जमीन आणि मागच्या स्प्रिंगा बघायच्या. बोलेरो तर नाशिकचीच, सातपूरच्या कारखान्यातली, २००० साली आलेली. तिची किंमत काही पडत नाही. दोन लाखांत मिळणारी बोलेरो म्हणजे आधीच्या मालकाने पिळून घेतलेली बोलेरो.

थंड इंजिन, पूर्ण ओढलेला पट्टा

बाप-लेकांनी बोलावलेला एजंट दुपारी गाडी घेऊन आला. पांढरी हॅचबॅक, पॉलिश केलेली, आत सुगंधी डबी. मिस्तरींनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गाडी चालत आली होती म्हणून ते गरम असणारच, पण हा त्यांचा नेम. एरवी विकणाऱ्याच्या दारी जाताना ते बजावून सांगतात की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. रात्रभर उभं असलेलं इंजिन पहिल्या चावीला काय करतं, यावर अर्धी परीक्षा होते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. दाट पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय. ऑइलचं झाकण उघडून खालच्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी. इंजिन चालू असताना झाकण काढल्यावर धूर फकफक बाहेर पडू लागला, तर पिस्टन रिंगा झिजल्या.

मग मिस्तरींनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि तो संपेपर्यंत बाहेर ओढला. रोजच्या वापरात पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग गुंडाळलेलाच राहतो. तिथे करडी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. त्यांनी कार्पेटचं टोक उचललं, सीटच्या रुळाचे बोल्ट बोटाने चाचपले. गंज. “कुठल्या पुरातली?” त्यांनी शांतपणे विचारलं. एजंट म्हणाला, “नुसतं पावसाचं पाणी गेलं असेल, मामा.”

२६ जुलै २००५ची मुंबई, २०१९चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१चं चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर हजारो गाड्या पाण्याखाली जातात. विमा कंपन्या त्यांतल्या अनेकांना पूर्ण निकामी ठरवून लिलावात काढतात. कुणीतरी त्या स्वस्तात घेतं, धुतं, सुकवतं, रंगवतं आणि लांबच्या गावी विकतं. इंजिन चालू होतं. वायरिंग मात्र वर्ष-दोन वर्षं कुजत राहतं आणि एकेक दिवा, एकेक सेन्सर जायला लागतो.

ठोकलेली गाडी ओळखायचे मार्ग साधे आहेत. सगळ्या काचांवरचे शिक्के एका कंपनीचे, एका सुमाराचे असावेत. एकच काच वेगळी असेल तर का, ते विचारावं. दरवाजाचं रबर ओढून आत कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल ठिपके एका ओळीत दिसतात का बघावं. जिथे पत्रा कापून जोडला तिथे ती ओळ मोडते. मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं तर खाली पुट्टी असलेल्या जागी ते धरत नाही. टायरच्या बाजूला चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार किलोमीटर सांगतंय, टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, पायपेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकाकतंय, तर मीटर मागे घेतलंय.

चढ आणि उतार

बैल घेणारा दात बघतो, पण जुंपल्याशिवाय पैसे देत नाही. गाडीचंही तसंच, आणि इथे जुंपायला घाट हाताशी आहे. मिस्तरी गाडी चार माणसं बसवूनच चढवतात, एकट्याने कधीच नाही. चढावर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज वाढला, पण गाडीने ओढ घेतली नाही, तर क्लच सरकतोय. एसी चालू ठेवून चढताना तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर जाता कामा नये. मधेच थांबून हँडब्रेकवर गाडी सोडायची. ती मागे घसरली तर किमतीतून पैसे कमी.

उतार जास्त शिकवतो. घाट दुसऱ्या गियरवर उतरायचा, ब्रेक मोजून वापरायचा आणि खाली आल्यावर चाकांपाशी जळकट वास येतो का ते बघायचं. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? स्पीडब्रेकरवर पुढून ‘खट’ आवाज येतो का? तो बहुतेक लोअर आर्मच्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा असतो आणि फार महाग नसतो. स्टिअरिंग रॅकचा असेल तर महाग.

आणखी एक गोष्ट गावातल्या तरुणांशी बोलताना कुणी काढत नाही. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून बंधनकारक झाली आणि एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. दीड लाखाच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या. म्हणजे धुक्यात, ओल्या वळणावर आपल्याला वाचवायला टायर, ब्रेक आणि सीटबेल्ट एवढंच. म्हाताऱ्या टायरांवर हजार-दोन हजार वाचवू नयेत ते यासाठी.

दोन पंधरा

हरसूलच्या रस्त्यावर एमएच-१५ आणि जीजे-१५ शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिली नाशिकची, दुसरी वलसाडची. सीमा जवळ, नातीगोती दोन्हीकडे, त्यामुळे गाड्याही इकडच्या तिकडे होतात. पण परराज्यातली गाडी स्वस्त पडते ती कागद पूर्ण होईपर्यंतच. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर वयाप्रमाणे नव्याने भरावा लागतो. दिल्लीची गाडी दिसली तर आणखी जपून. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती कायम केली, आणि वय भरत आलेल्या गाड्या इतर राज्यांकडे निघाल्या.

गाडी एकाच राज्यातली असेल तर काम सोपं, पण तेही लोक टाळतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९वर आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. प्रत्यक्षात सही केलेले कोरे फॉर्म गाडीच्या डॅशबोर्डमध्ये पडून राहतात आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात जाते. नोटरीचा कागद केला म्हणजे झालं, असा समज पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशाच प्रकरणात स्पष्ट केलं, की गाडी कितीही हात फिरली असो, नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे नाव बदलून घेणं ही विकणाऱ्याची जास्त गरज आहे. पेठ रोडच्या आरटीओत चक्कर टाकायला तो कंटाळत असेल, तर त्याला हा निकाल सांगावा.

वाहन क्रमांक टाकला की परिवहनच्या संकेतस्थळावर मालक कितवा, विमा, फिटनेस आणि बोजा कळतो. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. ई-चलन वेगळं तपासायचं. इंजिन आणि चेसीस क्रमांक गाडीवर स्वतः वाचायचे. मारुतीचा चेसीस ‘एमए३’ अक्षरांनी सुरू होतो, ह्युंदाईचा ‘एमएएल’, टाटाचा ‘एमएटी’. अंक खरवडलेले दिसले की चहाही न घेता निघायचं. विम्याचं नाव १४ दिवसांत बदलून घ्यायचं, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आणि इथला खास धोका म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसं भरणं. रोजचे चार पैसे सुटतात खरे. पण परवाना नसताना प्रवासी वाहतूक केली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. ज्याला धंदाच करायचा आहे त्याने पिवळ्या पाटीची, परवान्याची गाडी बघावी. तिचं गणित वेगळं.

माहितीची किंमत

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो. तो भाव ऐकून चांगल्या गाडीचा मालक बाजारात यायचाच थांबतो, आणि मागे उरतात त्या फसव्या. हा निबंध आधी काही नियतकालिकांनी परत केला होता. पुढे २००१मध्ये अकरलॉफ अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

शहरांत यावर कंपन्यांनी वॉरंटी आणि दोनशे मुद्द्यांच्या तपासणीचा उतारा काढला. सरकारनेही जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणी देण्याचे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू केले. हे सगळं हरसूलपर्यंत पोचायला वेळ आहे. इथे माहितीची उणीव दुसऱ्या वाटेने भरून निघते. आश्रमशाळेतल्या शिक्षकाची बदली झाली, रुग्णालयातली सिस्टर गावी परतणार, ग्रामसेवकाने नवी घेतली. अशा गाडीने काय सोसलंय ते गॅरेजला माहीत असतं, कारण ती त्याच गॅरेजमध्ये येत असते. मालक उद्या-परवा बाजारात भेटणार असतो. चांगली गाडी लपत नाही आणि वाईट गाडी लपवून विकणाऱ्याला गावात राहायचं असतं. दसरा-दिवाळीला नव्या गाड्या घरी येतात, त्यानंतरच्या महिन्यांत अशा जुन्या निघतात. थोडं थांबणाऱ्याचा त्यात फायदा.

बाप-लेकांनी ती पांढरी गाडी परत पाठवली. मिस्तरींनी तपासणीचे पाचशे घेतले, तेव्हा बापाचा चेहरा पडला. गाडी तर घेतली नाही, मग पैसे कशाचे? “न घेतल्याचेच,” मिस्तरी म्हणाले आणि त्यांनी मुलाला एका शिक्षकाचा नंबर दिला. वॅगन-आर, पेट्रोल, नोंदणी २०३०पर्यंत, बिलं जपलेली, डाव्या दरवाजाला एक खरचटा. सरांनी एक लाख पासष्ट हजार सांगितले होते. बाप दीड लाखाच्या वर जायला तयार नव्हता, कारण आता टायरांचे पैसे त्याच्या हिशेबात आले होते. मी निघालो तेव्हा व्यवहार पंधरा हजारांवर अडला होता आणि दोन्ही बाजू घाई करायला तयार नव्हत्या.